हंगामी फुलं आणि तापता उन्हाळा : काय लावावं, कसं जगवावं?

ऊनसावली

थंडीत लावलेली पॅन्सी, फ्लॉक्स आणि डॉगफ्लॉवर आता आटोपली. पानं पिवळी पडताहेत, नव्या कळ्या येत नाहीत. इथून पुढे काही महिने दुपारी पारा चाळिशीच्या आसपास राहणार आणि रात्रीही फारसा उतरणार नाही. जागा दोन आहेत. एक पश्चिमेकडे उघडी गच्ची, तिथे सगळं कुंड्यांत. दुसरा खाली भिंतीलगतचा छोटा वाफा, त्याला सकाळपासून दुपारी दोनपर्यंत ऊन. उन्हाळाभर बाग उजाड ठेवायची नाही, भरपूर रंग हवाय.

आहेत ती झाडं शेडनेटखाली टिकवता येतील का, की नवं काही पेरावं? पेरायचं तर काय? आणि कुंड्यांना दिवसातून किती वेळा पाणी द्यावं?

वाफसा

आहेत ती काढा आणि त्यांची जागा मोकळी करा. त्यांना काही रोग झालेला नाही, त्यांचा हंगाम संपलाय. पॅन्सी, स्वीटपी, लार्कस्पर, नॅस्टर्शियम, कॅलेंड्युला ही सगळी गारव्यात वाढणारी झाडं. शेडनेटखाली ती आणखी थोडे दिवस हिरवी दिसतील, पण फुलणार नाहीत. तेवढ्यात पेरणीची चांगली वेळ मात्र निघून जाईल.

यात दिवसापेक्षा रात्रीचा वाटा मोठा असतो, आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही. दिवसा पानात तयार झालेल्या साखरेतली काही साखर झाड रात्रभर श्वसनात खर्च करतं. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे रात्र उष्ण असेल तर दिवसाच्या कमाईतला बराच भाग सकाळपर्यंत खर्च झालेला असतो आणि कळीसाठी फारसं उरत नाही. दुपारी सावली करून रात्र थंड होत नाही.

तुमच्या वाफ्यासाठी माझी यादी : झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, गलांडा, गोम्फ्रेना, कोंबडा, सदाफुली. मागे उंच काही हवं असेल तर टिथोनिया, ती दीड-दोन मीटर सहज जाते आणि फुलपाखरांना फार आवडते. गच्चीच्या कडेला पोर्टुलाका.

निरभ्र

वाफसा यांच्या यादीला पूर्ण पाठिंबा. ही झाडं मुळात कुठली हे पाहिलं की ती ऊन का सोसतात ते समजतं. झिनिया, पिवळा कॉसमॉस आणि टिथोनिया मेक्सिकोकडची. सदाफुली मादागास्करची. पोर्टुलाका दक्षिण अमेरिकेतल्या कोरड्या, रेताड जमिनीवरची.

उगम सोडा, काहींच्या पानांतली यंत्रणाच वेगळी आहे. बहुतेक झाडांत हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) करतं. उष्णता वाढली की हे विकर कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन जास्त उचलायला लागतं, मग झालेलं काम निस्तरण्यात झाडाची ऊर्जा वाया जाते. गोम्फ्रेना, शोभेचा राजगिरा, कोचिया आणि पोर्टुलाका यांनी यावर उपाय काढलाय. ती कार्बन डायऑक्साइड आधी वेगळ्या मार्गाने गोळा करतात आणि रुबिस्कोभोवती त्याची दाटी करतात. ही सी-४ पद्धत. कडक उन्हात आणि कमी पाण्यात तिचा खरा फायदा दिसतो. पोर्टुलाका तर पाणी फारच कमी पडलं की आणखी एक पाऊल पुढे जाते : पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवते, म्हणजे दिवसा पाणी उडत नाही. एवढ्याशा झाडात एवढी सोय असावी याचं मला आजही कौतुक वाटतं.

झिनिया आणि सदाफुली मात्र सी-४ नाहीत, तरी उन्हाळा उत्तम काढतात. त्यामुळे यादी करताना हा एकच निकष धरू नका.

गच्चीवरची

ऊनसावली, मी फक्त कुंड्यांबद्दल लिहिते, कारण पश्चिमेची गच्ची आणि खालचा वाफा हे दोन अगदी वेगळे प्रांत आहेत.

कुंडीत झाड मरतं ते बहुतेकदा मुळांपासून. वरच्या पानांना वारा मिळतो, ती पाणी बाहेर टाकून स्वतःला गार ठेवतात. मुळांना यातलं काहीच मिळत नाही. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते. माती चाळिशीच्या आसपास गेली की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ थांबते आणि कोवळी टोकं जळतात. सगळ्यात जास्त बारीक मुळं कुंडीच्या कडेलाच असतात, म्हणजे नुकसान नेमकं तिथेच. मग माती ओली असूनही झाड मान टाकतं, आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळं कुजतात.

म्हणून आधी कुंडीला सावली द्या, झाडाचं नंतर बघू. मोठ्या कुंडीत लहान कुंडी ठेवून मधली फट वाळक्या पानांनी भरा. कुंड्या सुट्या न ठेवता एकमेकींना खेटून ठेवा, पश्चिमेच्या बाजूला मोठ्या किंवा रिकाम्या कुंड्यांची रांग लावा. कुंडीचा रंग फिका असू द्या. मातीची कुंडी गार राहते पण लवकर सुकते, तेव्हा ती निवडली तर पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. तापलेल्या फरशीवर कुंडी थेट ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या घाला. आकाराने मोठी कुंडी घ्या. २०–२५ सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीतली माती एका दुपारीत कोरडी होते, ४० सेंटीमीटरच्या कुंडीला बराच दम असतो.

आणखी एक. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी हाताला सोसवत नाही इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत सोडून द्या, गार पाणी येऊ लागलं की मग झाडांना. गच्चीवरच्या टाकीचं पाणी असेल तर सकाळीच द्या.

पानोपानी

शेडनेटबद्दल थोडं वेगळं मत मांडते. वाफसा म्हणतात त्याप्रमाणे थंडीची फुलं नेटखाली फुलत नाहीत, हे खरं. पण पश्चिमेच्या गच्चीवर दुपारी दोन ते पाच या वेळेसाठी नेट हवीच, उन्हाळी फुलांनासुद्धा. भिंत आणि फरशीवरून परतणारी उष्णता आणि गरम वारा एकत्र आले की झिनियाच्या पाकळ्यांच्या कडा करपतात. ३०–३५ टक्के ऊन अडवणारी नेट पुरते. बाजारात सर्रास दिसणारी ५० ते ७५ टक्क्यांची दाट नेट ऊन आवडणाऱ्या फुलांना नको. तिच्याखाली झाडं उंच, लेचीपेची होतात आणि कळ्या कमी धरतात.

वाफसा

पानोपानी, गच्चीपुरतं मान्य. भिंतीलगतच्या वाफ्याला दोननंतर आपोआप सावली येते, तिथे नेटची गरज नाही. आणि पोर्टुलाकावर नेट कधीच नको. तिची फुलं उन्हात उघडतात, सावलीत अर्धवट मिटलेली राहतात.

ऊनसावली

किती छान माहिती! मनापासून आभार सगळ्यांचे. मग ठरलं, जुनी झाडं काढते. बिया थेट पेराव्यात की ट्रेमध्ये रोपं करावीत? आणि झेंडूचं नाव यादीत कसं नाही?

वाफसा

झेंडूचं मुद्दामच टाळलं. मोठ्या फुलांचा, उंच, ज्याला आफ्रिकन म्हणतात (तोही मूळचा मेक्सिकोकडचाच), तो फार उष्णतेत अडून बसतो. झाड जगतं, पानं हिरवीगार राहतात, पण कळ्या थांबतात किंवा फुलं लहान आणि विरळ येतात. शिवाय दिवस लहान होऊ लागले की तो चांगला फुलतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यासाठी लावू नका, उन्हाळा उतरताना पेरा. झेंडूच हवा असेल तर बुटका फ्रेंच प्रकार थोडा बरा. त्याहून बरे आफ्रिकन आणि फ्रेंच यांच्या संकरातले त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेले) वाण. त्यांना बी धरत नाही, म्हणून बी तयार करण्यात शक्ती न घालवता ते फुलत राहतात.

जांभळा-गुलाबी, बारीक पानांचा कॉसमॉसही याच कारणाने नंतरसाठी ठेवा. दिवस मोठे असताना तो नुसता वाढत राहतो.

पेरणीबद्दल : झिनिया, पिवळा कॉसमॉस, गलांडा, टिथोनिया, सूर्यफूल थेट जागेवर पेरा. माती गरम असली की झिनिया आठवडाभरात वर येते आणि साधारण दोन महिन्यांत फुलते. बी अर्धा ते एक सेंटीमीटर खोल घाला. उगवेपर्यंत वरचा थर सुकू द्यायचा नाही, त्यासाठी ओलं गोणपाट अंथरलं तरी चालतं, पण कोंब दिसताच ते काढा.

सदाफुली आणि पोर्टुलाका यांचं बी अगदी बारीक, ते ट्रेमध्ये करा. पोर्टुलाकाच्या बियांना उजेड लागतो, त्या मातीवर नुसत्या दाबायच्या. सदाफुलीच्या बियांना अंधार लागतो, त्या झाकायच्या. एकाच ट्रेमध्ये दोन्ही पेरून दोन्हीवर सारखी माती टाकली की एक उगवतं, दुसरं नाही, आणि लोक बियाणाला दोष देतात.

निरभ्र

कोंबड्याबद्दल एक सूचना. त्याची रोपं ट्रेमध्ये जास्त दिवस अडकून राहिली, मुळं कोंडली किंवा पाण्याचा ताण पडला, तर ती तिथेच बोटभर उंचीवर तुरा काढतात. असं रोप नंतर कितीही चांगल्या मातीत लावलं तरी नीट मोठं होत नाही. विकत आणताना तुरा आलेलं रोप मोहक दिसतं, तरी ते घेऊ नका. तुरा नसलेलं, जाड खोडाचं घ्या. रोप लहान असतानाच हलवा आणि मुळांभोवतीची माती सुटू देऊ नका.

रोपं हलवायची ती संध्याकाळी. पहिले चार-पाच दिवस दुपारी एखादी फांदी किंवा कागद टेकवून सावली करा.

आळंवाफा

पाण्याचा प्रश्न अजून मागे राहिलाय, म्हणून मी लिहितो.

दिवसातून किती वेळा, याचं एकच उत्तर नाही. बोट मातीत दोन पेरं घाला, तिथे ओल लागली तर थांबा. वाफ्यात रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्या, वीतभर खोल ओल गेली पाहिजे. वरवर पाणी दिलं की मुळं वरच राहतात, आणि वरची माती सगळ्यात आधी तापते. पाणी दिल्यावर माती वाफशावर आली (चिखल नाही, नुसती ओलसर) की वर पालापाचोळा किंवा वाळलेल्या गवताचं ५ ते ७ सेंटीमीटर आच्छादन घाला. खोडाला ते टेकू देऊ नका, दोन बोटं जागा सोडा. उन्हाळ्यात माझा सगळ्यात जास्त भरवसा या आच्छादनावर आहे. माती गार राहते, पाणी टिकतं, तणही कमी येतं.

कुंड्यांना ऐन उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी लागेल. लहान कुंड्यांना संध्याकाळीही. तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत द्या. पण एक पडताळा हवा : पाणी ओतताच लगेच खालून आलं, तर ते मातीत मुरलेलं नाही. माती फार सुकली की आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून निघून जातं. कोकोपीटचं मिश्रण एकदा खडखडीत वाळलं की पाणी पटकन धरत नाही. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

सदाफुलीला मात्र एवढं पाणी नको. ती सतत ओलसर मातीत खोडातून काळी पडून मरते. तो बुरशीसारख्या जीवाचा रोग आहे आणि एकदा लागला की झाड वाचत नाही. कुंडीत रेती जास्त घाला, दोन पाण्यांमध्ये माती सुकू द्या, पानांवर पाणी मारू नका.

ऊनसावली

पेरणी झाली, झिनिया आणि कॉसमॉस छान वर आलेत! झिनिया आता वीतभर उंच आहे. पण दुपारी बाराच्या पुढे ती पार माना टाकते. संध्याकाळी पुन्हा ताठ. दुपारी पाणी दिलं तर चालेल का? दुपारी पाणी दिल्याने पानावरचे थेंब भिंगासारखे काम करून पानं जाळतात, असं ऐकलंय.

आळंवाफा

संध्याकाळी ताठ होते ना? मग पाणी देऊ नका. भर दुपारी पानातून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून पानं तात्पुरती लोंबतात. लोंबलेल्या पानावर ऊनही कमी पडतं, तेव्हा झाड स्वतःचा बचावच करत असतं. सकाळी उठल्यावरही पानं लोंबलेली दिसली, तर ती खरी तहान किंवा मुळाचा रोग. सकाळची पाहणी हीच खरी.

निरभ्र

भिंगाची गोष्ट गुळगुळीत पानांबाबत खरी नाही. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासलं. पानाला चिकटून बसलेल्या थेंबाचा प्रकाश पानाच्या बराच खाली एकवटतो, पान जाळण्याइतका पानावर एकवटत नाही. लव असलेल्या पानांवर थेंब लवेवर अधांतरी राहिला तर क्वचित डाग पडू शकतो, कारण तिथे अंतर जुळून येतं. झाड दुपारी खरंच सुकून चाललं असेल, तर बेलाशक मुळाशी पाणी द्या. भिंगाच्या भीतीने संध्याकाळपर्यंत थांबून झाड घालवू नये.

पानोपानी

झिनिया वीतभर झालीय तर आताच शेंडा खुडा. पानांच्या तीन-चार जोड्यांवर, कात्रीने स्वच्छ. पहिलं फूल थोडं लांबेल, पण बाजूने फुटवे येऊन झाड डेरेदार होईल. कोंबड्याचा मोठा तुरा हवा असेल तर तो खुडू नका. पोर्टुलाकाला गरजच नाही.

खताचं सांगून ठेवते. ऐन उष्णतेत भरमसाट नत्र (नायट्रोजन) देऊ नका. पिवळा कॉसमॉस आणि गलांडा यांना सकस मातीत नुसती पानं येतात, त्यांना सुरुवातीचं कुजलेलं शेणखत पुरेसं. कुंड्यांतल्या झिनियाला पंधरा दिवसांनी पातळ द्रवखत द्या, तेही माती ओली असताना. सुकलेल्या मातीत खत घातलं की क्षार मुळांना जाळतात. रोजच्या पाण्यानेही कुंडीत क्षार साठतात, कडेला पांढरा थर दिसतो. महिन्यातून एकदा भरपूर पाणी ओतून तो धुऊन काढा.

ऊनसावली

शेंडे खुडले आणि फुटवेही आले! आता पहिली फुलं उमललीत, लाल आणि गर्द गुलाबी. सकाळी वाफ्याजवळून हलावंसं वाटत नाही. पण दोन गोष्टी दिसल्या. वाफ्यातल्या झिनियाच्या खालच्या पानांवर पांढरी भुकटी. आणि गच्चीवरच्या झाडांची पानं फिकट, बारीक ठिपक्यांची, मागे बारीक जाळीसारखं काहीतरी.

वाफसा

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. झिनियाचा जुना सोबती. दाटी, सावली आणि कोंडलेली हवा यांत ती वाढते, भिंतीलगत तर हमखास. खालची रोगट पानं काढून टाका, मधली एकेक रोपं उपटून अंतर वाढवा, ३० सेंटीमीटर तरी ठेवा. पुढच्या वेळी त्या जागेसाठी अरुंद पानांची झिनिया किंवा ‘प्रोफ्यूजन’ मालिकेतले संकरित वाण घ्या. फुलं लहान येतात, पण भुरीला ते बरेच दाद देत नाहीत. तपकिरी ठिपके दिसले तर तो वेगळा रोग, तो उडणाऱ्या थेंबांतून पसरतो. तिथे पाणी मुळाशीच द्यायचं.

गच्चीवरची

ठिपके आणि जाळी म्हणजे लाल कोळी. गरम, कोरड्या हवेत त्याची पिढी आठवडाभरात तयार होते, म्हणून आजच लक्ष घाला. पानांच्या मागच्या बाजूला सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारा, एक दिवसाआड, दोन आठवडे. कीटकनाशक मारू नका. कोळी हा कीटक नाही, पुष्कळ कीटकनाशकं त्याला लागू पडत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी आणखी फोफावतो. नीमतेल वापरायचं तर सूर्य मावळल्यावरच, उन्हात तेलाने पानं करपतात. फार जाळी झालेली पानं काढून पिशवीत बांधून टाका.

सूर्यसाक्षी

धागा वाचतच होते, सूर्यफुलाचं नाव आलं म्हणून लिहिते. गच्चीच्या कडेला लावताना एक लक्षात ठेवा : कोवळं झाड दिवसभर सूर्यामागे वळतं, पण फूल पूर्ण उमललं की ते पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतं. तुम्ही त्याच्या पश्चिमेला बसत असाल तर उन्हाळाभर त्याची पाठच दिसेल. पूर्वेकडे तोंड असलेली फुलं सकाळी लवकर तापतात आणि मधमाश्या त्यांच्याकडे जास्त येतात, असं २०१६ च्या एका संशोधनात दिसून आलं.

आणि सावलीतल्या कोपऱ्यासाठी तोरेनिया विसरू नका. तिला ओल हवी, पण उष्णता चालते. हवा दमट असेल तर तेरडाही छान. कोरड्या झळांत मात्र त्याला ठेवू नका.

ऊनसावली

फवाऱ्याने कोळी बराच आटोक्यात आलाय. शेवटचा प्रश्न : फुलं सुकायला लागली आहेत. ती काढायची की बियांसाठी ठेवायची?

पानोपानी

झिनिया, कॉसमॉस, गलांडा यांची सुकलेली फुलं आठवड्यातून दोनदा काढा. फुलाखालच्या पानांच्या जोडीपर्यंत देठ कापायचा, नुसतं डोकं तोडायचं नाही. बी धरू दिलं की झाडाचं काम झालं, ते फुलणं कमी करतं. गोम्फ्रेनाला ही गरज नाही. तिचा जो रंग आपण फूल समजतो ती कागदासारखी कोरडी छदं (फुलालगतची रंगीत पानं) असतात, खरी फुलं त्यांच्या आत अगदी इवलीशी. म्हणूनच तो रंग कितीतरी आठवडे तसाच राहतो.

वाफसा

बियांसाठी हंगामाच्या शेवटी सगळ्यात निरोगी दोन-तीन झाडं निवडा आणि त्यांची फुलं काढणं थांबवा. भुरी लागलेलं झाड घेऊ नका. झिनियाचं डोकं तपकिरी, कुरकुरीत झालं आणि खालचा देठही वाळला की कापा, सावलीत आठवडाभर पसरा, मग चुरडा. बाणाच्या टोकासारख्या चपट्या बिया निघतील. हातात भरीव लागतात त्या ठेवा, पोकळ टाका. पाकिटावर एफ-१ संकरित (दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी) लिहिलेलं असेल तर त्या बियांची झाडं आईसारखी येणार नाहीत, रंग-उंची बदलेल. साधे वाण असतील तर बऱ्यापैकी तशीच येतात, शेजारी दुसऱ्या रंगाची झिनिया असेल तर थोडी सरमिसळ होईल. कागदी पाकिटात घाला, वर नाव आणि साल लिहा, कोरड्या गार जागी ठेवा.

ऊनसावली

लाल झिनियाची दोन झाडं निवडून देठाला दोरा बांधून ठेवलाय. वाफ्यातलं आच्छादन पातळ झालंय, उद्या सकाळी पाणी देऊन नवा पाला घालते.